रिडंडंट म्हणजे लाटेवर लाट

४ जून
डिस्पॅचच्या सुपरवायझरची खुर्ची रिकामी झाली. हक्काने माझीच. अडचण एकच. नवे साहेब इंग्रजीत बोलतात आणि मी मान डोलावतो. आजपासून रोज दहा शब्द पाठ.

६ जून
वीस पाठ केले, अठरा विसरलो. उरलेले दोन आधीपासूनच येत होते. दोष डोक्याचा नाही, घोकंपट्टीचा.

७ जून
शास्त्रीय पद्धत सापडली! शब्दांची मुळं सांगणारं पुस्तक. मूळ कळलं की अर्थ झक मारत येतो. डिक्शनरी माळ्यावर.

१० जून
आजचा शब्द, रिडंडंट. लॅटिन. ‘रे’ म्हणजे पुन्हा, ‘उंडा’ म्हणजे लाट. लाटेवर लाट! काठोकाठ भरून ओसंडणं. पुढच्या पानावर ‘वापर’ होता, तो वाचला नाही. मुळाशी पोचलेल्याचं शेंड्याशी काय काम?
लेक म्हणाली, बाबा, हा शब्द बातम्यांत येतो, काहीतरी वाईट असतं, एकदा बघून घ्या. हल्लीच्या मुलांना सगळं आयतं हवं.

११ जून
शब्द वापरल्याशिवाय मुरत नाही. बायकोला म्हटलं, तुझा स्वयंपाक अगदी रिडंडंट. म्हणाली, मग उद्यापासून तुमचं तुम्ही करून घ्या. कौतुक पचत नाही काही लोकांना.

१३ जून, दुपार
साहेबांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. खर्च कमी करायचाय म्हणे. वजनकाट्यावरचा माणूस घामाघूम. मी ताठ. साहेबांनी विचारलं, या खात्यात तुमचं योगदान काय? खणखणीत सांगितलं, सर, आय ॲम टोटली रिडंडंट हिअर!
साहेबांनी पेन खाली ठेवलं. उठून हात मिळवला. म्हणाले, इतका प्रामाणिक माणूस इथे पाहिला नाही. खुर्ची खिशात!

१४ जून
खुर्ची वजनकाट्यावरच्या माणसाला. त्याचं इंग्रजी येस-नोच्या पुढे सरकत नाही! मला पाकीट. उद्यापासून येऊ नका.
तसाच केबिनमध्ये घुसलो. इंग्रजी सुचेना, मराठीतच भांडलो. साहेब म्हणाले, अहो, तुम्हीच म्हणालात ना, माझी इथे गरज नाही? मी लॅटिन सांगितलं. लाट सांगितली. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग स्वच्छ मराठीत म्हणाले, हे असंच बोलायचंत की काल, मला येतं मराठी. आता कागद वर गेला.

रात्र
घरी अजून सांगितलेलं नाही. कुठल्या शब्दांत सांगावं, सुचत नाही.