बाजूच्या सीटचा ब्रेक

ता. ११ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार, खुशाली, वहिनीची चौकशी, सगळं आलं असं समज. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा उद्योग.

आधी तब्येती. बाबांच्या घोट्याचं प्लास्टर अजून चार आठवडे राहणार. घरात कुबड्यांवर फिरतात आणि प्रत्येक दाराच्या चौकटीला धडकतात, पण हात धरू देत नाहीत. माझ्या कपाळाचे टाके निघाले. भुवईवर एक रेघ राहिली आहे. दिसते वाईट, पण बघायला कोण आहे? गाडी शिकवायची आपली शाळा बंद, विद्यार्थी नाहीत. फळ्यावर बाबांनी काढलेला चौकातला रस्ता तसाच आहे, बाणांसकट.

गाडी परवाना कार्यालयाच्या आवारात पडून आहे. बाबांच्या बाजूचा पत्रा इतका आत आलाय की खाली काय उरलंय ते कुणाला दिसत नाही. विम्याचा माणूस येऊन वाकून बघून गेला आणि 'अरेरे' म्हणाला. एवढ्यासाठी मी तीन तास त्याची वाट बघत उन्हात उभी होते. कार्यालयातला कारकून तर औरच. पहिल्या दिवशी म्हणाला, अर्ज काळ्या शाईत हवा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, दोन प्रती हव्यात. तिसऱ्या दिवशी तोच रजेवर. शिवाय त्या अर्जात 'अपघाताचे कारण' या रकान्याला फक्त एक ओळ आहे. वडिलांच्या शिक्षणाला दोन आहेत.

त्या ओळीत मी काय लिहिलं ते तुला हवंय ना? तर ऐक. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. मी चालवत होते, बाबा बाजूला. उशीर झाला होता, म्हणून जरा वेगात होते, साठ-पासष्ट असेल. तलावाजवळच्या वळणावर बारीक खडी पडली होती. गाडी मागून सरकली, बाबांनी ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि आम्ही बसथांब्याच्या बाकावर जाऊन आदळलो. (वहिनीला माहीत नसेल तर सांग, शिकवण्याच्या गाडीत बाजूच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी.) बाकावर कोणी नव्हतं. कोणी नव्हतं, हे मी दिवसातून दहादा स्वतःला सांगते. परवा तिकडे गेले होते. नवा बाक बसवलाय आणि त्यावर एक बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी तशीच परत आले.

आता भांडण. महिनाअखेर येणार, बाबांना घेऊन जाणार, गाडी भंगारात, शाळेची खोली मालकाला परत. हे सगळं तू कुणाला विचारून ठरवलंस? सात तासांवर बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? एक खोली, एक फळा, एक गाडी, एवढीच आपली शाळा, मान्य. पण बाबांनी तिथे अडतीस वर्षं काढली, मी सोळा. या गावात गाडी मागे घेताना जो कोणी मान वळवून बघतो, तो बाबांनी शिकवलेला असतो. न बघणारे तुझ्यासारखे, ज्यांनी मित्राकडून शिकून घेतलं.

आणि परवा फोनवर तू त्यांना म्हणालास, "बाबा, तुम्ही तिचा जीव घेतला असता." फोन टेबलावर होता, मला सगळं ऐकू येत होतं. बाबा नुसतं 'हो' म्हणाले. मग त्यांनी फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ प्लास्टरवरचा एक धागा ओढत बसले. तेव्हापासून ते जेवायला बोलावल्याशिवाय खोलीबाहेर येत नाहीत. शाळेची किल्ली त्यांनी माझ्या पर्समध्ये टाकली आहे, न सांगता.

गॅरेजवाला सारखा फोन करतोय. मी उचलत नाही. त्याचं नंतर बघेन.

तू महिनाअखेर येऊ नकोस. का, ते विचारू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. १९ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं, पण मिळालं. 'का ते विचारू नको हे काय उत्तर झालं?' असं विचारलंयस. बरोबर आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. आधी इथे काय झालं ते क्रमाने सांगते, नाहीतर मी पुन्हा कुठेतरी पळ काढीन.

सोमवारी बाबांना परवाना कार्यालयात बोलावलं होतं. अधिकारी त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. उठून उभा राहिला, बाबांच्या पायाखाली स्वतःच्या हाताने स्टूल सरकवलं. मग खूप वेळ कागद चाळत बसला. त्या माणसालाच प्रश्न विचारायची भीती वाटत होती.

"सर, बाजूचा ब्रेक तुम्ही दाबलात?"

"दाबला."

"गाडी घसरत असताना?"

"हो."

"सर, तुम्हीच शिकवलंत आम्हाला. घसरत्या गाडीत जोरात ब्रेक मारायचा नाही म्हणून."

"शिकवलं खरं," बाबा म्हणाले. "वय झालं."

वय झालं असं बाबांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. अधिकारी म्हणाला, मग सर, मला तुमचा शिकवण्याचा परवाना ठेवून घ्यावा लागेल. बाबांनी शर्टाच्या खिशातून तो काढला, बाहीला पुसला आणि टेबलावर ठेवला. ठेवतानाही सरळ ठेवला, वाचणाऱ्याच्या बाजूने. मी शेजारच्या खुर्चीत मूग गिळून बसले होते. कारकुनाशी तीन दिवस भांडणारी मी, तिथे एक शब्द बोलले नाही.

घरी आलो तर दारात गॅरेजवाला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाला, "ताई, तुम्ही फोन घेत नाही, म्हणून घेऊन आलो. जोड पक्का करून दिलाय, आता पुन्हा तुटायचा नाही." आणि त्याने ते चहाच्या टेबलावर उघडलं.

बाजूच्या सीटचा ब्रेक होता तो. पेडल आणि त्याची दांडी. जोड हलत होता, म्हणून अपघाताच्या दोन दिवस आधी मीच तो काढून त्याच्याकडे दिला होता. तेवढे दिवस शिकवणी बंद ठेवली होती आणि गाडी फक्त घरच्या कामाला वापरत होतो.

गॅरेजवाल्याने प्लास्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, गावात म्हणतात तुम्ही ब्रेक दाबलात. हे तर माझ्याकडे होतं."

बाबा म्हणाले, "ठेव तिथे आणि चहा घे."

तो चहा न घेता गेला.

आता नीट वाच. त्या दिवशी निघाल्यापासून बाबांचं सुरू होतं. आरसा बघ. तिसरा टाक. घाईबाई, पुढच्याला जाऊ दे. (या नावाने मला हाक मारलेली आवडत नाही हे त्यांना तीस वर्षांपासून ठाऊक आहे.) दादा, मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. शेकडो लोकांना मी गाडी शिकवली आहे. पण ते बाजूला बसले की मी कायम शिकाऊ. आणि नुसतं बोलणं असतं तरी चाललं असतं. मी कुणाच्या पुढे जायला निघाले की ते त्या ब्रेकवर पाय टेकवायचे. हलकासा. गाडीला उचकी लागल्यासारखं व्हायचं. मागे विद्यार्थी बसलेले असले तरी. सोळा वर्षांत त्यांच्यासोबत एकदाही मी गाडी माझी माझी चालवली नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता. नुसती रबरी चटई होती. हे मला माहीत होतं, आणि त्यांनाही.

तलावाच्या रस्त्याला लागलो तेव्हा ते म्हणाले, "क्लचवर पाय ठेवून काय चालवतेस? पहिल्या दिवशीच्या पोरीसारखी." मी क्लचवरून पाय काढला. पण मनात आलं, आज यांना काही करता येणार नाही. आज बसू देत नुसते. आणि मी पाय दाबला. उशीर झाला म्हणून नव्हे. त्यांना घाबरवायला.

चाळीसची पाटी गेली. मी ऐंशीवर होते. साठ-पासष्ट मी तुला खोटं लिहिलं. बाबा म्हणाले, "पुरे." मी ऐकलं नाही. मग म्हणाले, "पुरे, बाळ." मला त्यांनी बाळ म्हटल्याचं आठवत नाही, तुला म्हणायचे. तेवढ्यात वळण आलं, खडी आली, आणि गाडी माझी राहिली नाही. स्टिअरिंग नुसतंच फिरत होतं. त्या गडबडीत मला एकच आवाज स्पष्ट ऐकू आला. बाबांची टाच चटईवर आपटल्याचा. जिथे ब्रेक असतो तिथे, सगळा जोर लावून. अडतीस वर्षांची सवय, पायाला कुठे माहीत की ब्रेक गॅरेजमध्ये आहे. पत्रा आत आला तेव्हा पाय तसाच ताठ दाबलेला होता. म्हणून मोडला. सैल असता तर वाचला असता, असं हाडांचे डॉक्टर म्हणाले.

गॅरेजवाला गेल्यावर मी बाबांना विचारलं, "खोटं का बोललात?"

"खोटं काय? दाबलाच होता."

"ब्रेक नव्हता तिथे, बाबा."

"ते त्यांनी विचारलं नाही."

मला हसू आलं आणि इतका राग आला की हातातली कपबशी मी मोरीत आपटली. ते शांतपणे म्हणाले, "तुला अजून वीस वर्षं शिकवायचंय. माझं झालंय. हिशेब सोपा आहे."

हा राग कसला ते तुला सांगू? मी एवढी मोठी चूक केली, तर तीही त्यांनी माझी राहू दिली नाही. तिथेही पाय घातलाच. आणि त्याहून मोठा राग हा, की मी ती त्यांना नेऊ दिली. पहिल्या दिवशी दवाखान्यात पोलीस शिपायाने विचारलं तेव्हा बाबा स्ट्रेचरवरून म्हणाले, "मी ब्रेक मारला." मी तेव्हाच बोलू शकले असते. मला बरं वाटलं होतं, दादा. सुटल्यासारखं वाटलं होतं. मग अर्जातली ती एक ओळ मी माझ्या हाताने लिहिली, काळ्या शाईत, दोन प्रतींत.

काल सकाळी बसून मी खरा जबाब लिहिला. गॅरेजवाल्याकडून पावती आणली, तारखेची. उद्या दहाला कार्यालय उघडतं, तेव्हा दारात उभी असेन. माझा परवाना जाणार, किती दिवस ते अधिकारी ठरवेल. खोट्या अर्जाचंही काही होईल. होऊ दे. बाबांचा परत मिळाला पाहिजे. मिळाला तर शाळा तेच चालवतील, पाय बरा झाल्यावर, आणि मी फळा पुसायला जाईन. हे पत्र मी जाताना वाटेतच पेटीत टाकणार आहे, म्हणजे मग मागे फिरायला जागा उरणार नाही. मी स्वतःला ओळखते.

तू महिनाअखेर ये. पण न्यायला येऊ नकोस, भेटायला ये. त्याआधी बाबांना फोन कर आणि तुझं ते वाक्य परत घे. मग मला फोन कर आणि तेच वाक्य मला म्हण. 'तू त्यांचा जीव घेतला असतास' असं म्हण. मी 'हो' म्हणेन.

आणखी एक. जबाब मी बाबांना न दाखवताच देणार होते. पण आज दुपारी, हे पत्र अर्धं झालेलं असताना, ते कुबड्या टेकत आले आणि हात पुढे केला. दिला. वाचायला बसले ते चाचणीचे पेपर तपासतात तसे, लाल पेन घेऊन. मला वाटलं, फाडून टाकतील. पान उलटलं, परत मागे आले आणि एका ठिकाणी रेघ मारून वर काहीतरी लिहिलं. बाकी कशालाही हात लावला नाही. मी बघितलं. माझं 'सुमारे ऐंशी' खोडलं होतं.

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत? वळण समोर आलं होतं."

ते म्हणाले, "मी वळण बघत नव्हतो. पायाखाली ब्रेक नव्हता, मग रस्ता बघून काय करू? काटा बघत होतो, कधी खाली येतो म्हणून."

तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांची काही गरज दिसत नाही. या पत्रातही वर मी ऐंशी लिहिलंय. ते तूही खोड. मी गाडी एकशे दोनवर नेली होती.

तुझी,
घाईबाई