नाल्याअलीकडचं मैदान

१२ नोव्हेंबर २००३
मैदानाच्या फाटकावर नोटीस लागलीय. येरवड्यातून आयटी पार्ककडे नवा रस्ता – आमच्या मैदानावरून! ऑफिसातून येताना वाचली. खरं वाटेना, म्हणून परत वाचली. बाबांना सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर
बाबांना कळलंच. जेवले नाहीत.
छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीतली माणसं कामावरून सुटली की इथे यायची. खड्डे बुजवले, दगड वेचले. तालमीत आमच्या पोरांना कोणी घेत नव्हतं, म्हणून स्वतःचं मैदान! बाबांच्या हाताला इतके फोड यायचे की आई त्यांना घास भरवायची. ती हे सांगताना लाजायची.
मी इथेच कबड्डी शिकले. लग्नाचा मांडव इथेच. आई गेली तेव्हा शेवटची वंदनाही इथेच झाली.

१६ नोव्हेंबर
धम्मदीपशी भांडण. हिंजवडीहून कंपनीच्या बसने येतो, रोजचे दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये. "आई, रस्तेच नकोत, तर नोकऱ्या येणार कुठून?" म्हणाला. पोरगं चुकीचं बोलत नाही, हेच लागतं. 

३० नोव्हेंबर
मैदान हा वस्तीचा वारसा आहे, त्यावरून रस्ता नको, अशा अर्जावर सह्या गोळा करतेय. वस्तीतले निम्मे "बघू" म्हणतात. पुण्यात "बघू" म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे.
दिवसभर बरोबर हिंडली ती सत्यशीला. वस्तीतली नव्हे – नाल्यापलीकडे पत्र्याच्या खोलीत राहते. यवतमाळकडची, नवरा बांधकामावर. तिची राजनंदिनी आमच्या मुलींच्या संघात खेळते. मी विचारलं, तुम्ही कशाला एवढी पायपीट करता? तर म्हणाली, "माही पोरगी इथंच खेळाले शिकली, ताई. इथं कोणी तिले गाव नाही विचारलं."


७ डिसेंबर
बाबा रोज सकाळी मैदानावर जाऊन बसतात.

१९ डिसेंबर
सुनावणी. साहेब सौम्य होते. म्हणाले, वारसा म्हणता, पण तिथे जुनं बांधकाम कुठे आहे? कमान, भिंत, काहीतरी?
मी म्हटलं, "काहीच नाही. बांधलं असतं तर मैदान राहिलं असतं का, साहेब?"
मागे कोणीतरी हसलं. साहेब नाही हसले. रस्ता कुठून तरी न्यावाच लागेल, म्हणाले.
तेवढ्यात धम्मदीप पुढे आला. रजा टाकून आला होता, मला न सांगता! त्याने टेबलावरच्या नकाशावर बोट ठेवलं – रस्ता इथून वळवा, नाला ओलांडून. पलीकडे नुसती पडीक सरकारी जमीन आहे. नकाशात तो भाग कोराच होता. साहेबांनी पेन्सिलीने रेघ मारून पाहिली. मी जोरजोरात मान हलवत होते. शेजारी सत्यशीला उभी होती. माझ्याकडे बघून तिनेही हलवली.
बाहेर आल्यावर मी पोराच्या पाठीवर हात ठेवला. एवढा मोठा झालाय, तरी ठेवू दिला.

२५ जानेवारी २००४
अजून काही कळत नाही. ऑफिसात लक्ष लागत नाही.

२ फेब्रुवारी
मैदान वाचलं!!
रस्ता वळवणार. लेखी आलं. पोरींनी मला ओढून मैदानात नेलं. या वयात चढाई केली, धापा टाकत मध्यरेषेपर्यंत परत आले – त्यांनी मुद्दाम सोडलं असणार. सत्यशीलाने पेढे वाटले. बाबांनी रात्री दुसरी भाकरी मागून घेतली.

५ फेब्रुवारी
धम्मदीप नवा आराखडा बघून आला. किती वेळ चपलाच काढेना. मग म्हणाला, "आई, ती जमीन रिकामी नाहीये."
नाल्यापलीकडची पत्र्याच्या खोल्यांची अख्खी रांग रस्त्यात जातेय. सत्यशीलाचीसुद्धा. नकाशात त्या खोल्या नव्हत्याच. आणि मी? मी तर तिथे चहा प्यायलेय.
शेजारी म्हणतात, आता तोंड उघडलंत तर रस्ता परत इकडे येईल. बाबांना विचारलं. त्यांनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जा. सांग तिला."
खाली सत्यशीला मुलींसाठी फक्कीने रेषा आखतेय. तिला अजून माहीत नाही.
जाते.