कॉईलवर बसलेली धुरी

११ जुलै, शुक्रवार

—आणि दुसरा फिल्टरही निघाला. स्वच्छ. असणारच, दर आठवड्याला धुते. स्टुलावर उभी, एका हाताने एसीचं झाकण वर धरलेलं, दुसऱ्या हातात जुना टूथब्रश. फिल्टरच्या मागे कॉईल. कंगव्याच्या दातांसारखे पातळ पत्रे, एकाला एक लागून. मधल्या फटी दिसतच नाहीत. बुजल्यात. बोट फिरवलं. काळपट पिवळा चिकटा आला. नाकाशी नेला.

ओवा. जळलेलं लसणाचं साल. त्याखाली ओली बुरशी—या हवेत मीठसुद्धा पाणी सोडतं.

म्हणजे धुरी.

बाळाला न्हाऊ घालायला येते ती बायडाबाई. अंघोळ झाली की शेगडीत निखारे घेते, ओवा-वावडिंग टाकते, लसणाची सालं टाकते, बाळाला वर धरते. दारं-खिडक्या बंद. ‘वारं लागंल लेकराला.’ बंद खोलीत वेदिकाला गुदमरतं, म्हणून ती लगेच एसी लावते. तोडगा मीच काढला होता. बायडाबाईची धुरीही होऊ दे, माझ्या लेकीचा एसीही चालू दे. दोघी खूश! धूर एसी ओढून घेतो, हे तिघींपैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. तो कॉईलवर बसतो. ती कधी सुकत नाही, त्यावर बुरशी धरते. तेच दिवसभर बाळाच्या अंगावर येतं.

बाहेर हॉलमध्ये बाळ खोकत होतं.

‘आई, एसी उघडलायस की तुझ्या पोस्टाची तिजोरी? किती वेळ!’

फिल्टर परत बसवले. झाकण लावलं. उतरले. ब्रश कोरडाच.

‘झालं साफ?’

‘झालं.’

१२ जुलै, शनिवार

‘झालं’ का म्हणाले? लिहिते. इथे कोण वाचतंय!

डॉक्टरांनी सांगितलंय, खोकला थांबेपर्यंत प्रवास नको. वेदिकाचं सासर नागपूरला, लांब. बाळंतपणाचे तीन महिने तर कधीच होऊन गेले. जावई, अमोल, दर रविवारी गाडी घेऊन यायचं ठरवतो आणि दर रविवारी राहतं. खोकला आहे तोवर मायलेकी इथे आहेत. थांबला की जातील. एवढंच.

दुपटी वाळत नाहीत. घरभर टांगलीत—खुर्च्यांवर, दारांवर. ह्यांच्या फोटोच्या खिळ्यालाही एक. काढलं नाही.

१३ जुलै, रविवार

काही केलं नाही.

१४ जुलै, सोमवार

बाळाला घेऊन डॉक्टरांकडे. मागच्याच खेपेचे प्रश्न. घरात कोणी सिगारेट ओढतं? नाही. उदबत्ती? नाही. मच्छर अगरबत्ती? नाही.

मागच्या खेपेला ही उत्तरं पूर्ण होती. शेगडीचा धूर हा धूर, असं आपल्याला वाटतच नाही. बाळंतिणीच्या खोलीत पाळणा असतो तशी ती असते. आज मला ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले, मग काही कळत नाही बुवा. मी बाळाचं टोपडं बांधत होते. गाठ नीट बसेना.

संध्याकाळी अमोलचा फोन. ‘आई, तुम्हीच शिकवलंय का हो तिला खोकायला? आमच्याकडे यायला नको म्हणून?’ हसला.

मीही हसले.

१५ जुलै, मंगळवार

बायडाबाई म्हणाली, ‘लय घरघर करतंय ताई. छातीत कफ हाय. आज ओवा जास्ती टाकते.’

टाकला. एसीची पट्टी वर-खाली हलत होती. धूर एसीकडे गेला. बाळ खोकलं. पुन्हा खोकलं. दूध उलटलं. तोंड लाल झालं, मग ओठांभोवती निळं. मग आवाजच नाही.

बायडाबाईने पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. आवाज आला.

मी मेन स्विच बंद केला. स्टूल आणलं.

‘आत्ता?’ वेदिका बाळाला छातीशी धरून. ‘शुक्रवारी केलंस ना?’

‘नीट झालं नव्हतं.’

खाली प्लॅस्टिक, त्यावर बादली. उजवीकडे वायरी आहेत, त्यांवर पिशवी बांधली. भांड्यांच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत. आधी भिजू दिलं, मग ब्रश. वरून खाली, फक्त वरून खाली. आडवा फिरवला की पत्रे मुडपतात—शुक्रवारी माझ्या बोटाने मुडपलेले दिसले. पाणी काढ्याच्या रंगाचं उतरलं. बाहेर जाणाऱ्या नळीत शेवाळासारखा गोळा अडकला होता, तोही निघाला. पुन्हा फवारा. पुन्हा. शेवटी एकेक फट वेगळी दिसू लागली.

प्लॅस्टिक पुरलं नाही. फरशीवर तळं. वेदिका पायपुसणं घेऊन आली आणि त्या पाण्याकडे बघत उभी राहिली. मग पुसायला बसली.

हात धुतले तरी ओव्याचा वास जात नाही.

१६ जुलै, बुधवार

बायडाबाईला सांगितलं—धुरी नको. आज नको, उद्याही नको.

ह्याच घरात, ह्याच हातांनी तिने वेदिकाला न्हाऊ घातलंय.

‘माझ्या धुरीनं तुमचं मशीन बिघडलं म्हना की.’

‘मशीनचं नाही हो. बाळाला खोकला त्यानेच होतोय.’

‘मंग खोकला मशीनला झाला का लेकराला?’

‘दोघांना.’

हसली नाही. ‘तुमची ही पोर याच धुरीत मोठी झाली ना? तवा नाय खोकली ती?’

तेव्हा एसी नव्हता. जुन्या खिडक्या, बंद केल्या तरी फटी राहायच्या. धूर निघून जायचा. हे सगळं मी बोलले. बोलून झाल्यावर वाटलं, पोस्टाच्या खिडकीतून बोलतेय.

तिने निखारे मोरीत विझवले. तेलाची बाटली उचलली. ‘धुरी नको तर बायडाबाई बी नको.’ जिन्यात चपला फटफट वाजत गेल्या.

१७ जुलै, गुरुवार

आली नाही. मीच न्हाऊ घातलं. बाळ हातातून निसटतं. माशासारखं!

१८ जुलै, शुक्रवार

सकाळपासून खोकला नाही म्हणण्यासारखाच. वेदिकाने अमोलला फोन लावला. स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. कणीक सैल झाली.

१९ जुलै, शनिवार

डॉक्टरांनी छाती तपासली. ‘उत्तम! जा बिनधास्त. काय केलंत?’

‘आईने एसी धुतला,’ वेदिका म्हणाली.

‘वा,’ डॉक्टर म्हणाले.

अळिवाचे लाडू केले. नारळ जरा जून निघाला.

२० जुलै, रविवार

अमोल आला. जेवला. सामान गाडीत भरलं. पाळणा मावेना, इथेच राहिला. बाळ झोपेतच गेलं, ते बरं.

अमोल डिकी लावत होता. वेदिका पाया पडली. उठताना हळूच म्हणाली, ‘त्या शुक्रवारी फरशी कोरडी होती, आई.’

मी लाडवांचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

‘राहा म्हणाली असतीस, तर राहिले असते.’

गाडीत बसली. लाडवांचा डबा खिडकीतून दिला. झाकण नीट लागलं नव्हतं. परत घेतला, लावून दिला. गाडी कोपऱ्यावरून वळली.

२१ जुलै, सोमवार

सकाळी बेल वाजली. बायडाबाई. हातात तेलाची बाटली. ‘राग तरी किती धरायचा? नाय घालत धुरी. लेकरू कुठंय?’

‘गेलं. नागपूरला.’

‘आन मला सांगितलं बी नाय!’ दारातच उभी होती. बाटली पिशवीत घातली, वळली.

मी म्हटलं, थांबा.

थांबली.