झऱ्यावर सगळ्यांच्या मागून

१२ जानेवारी ५८
पाटलांचा गडी निरोप घेऊन आला. विहिरीवर तो उभा राहील, बाईंच्या घागरीत वरून पाणी ओतून देईल. बाईंनी स्वतः दोर टाकू नये. नको म्हटलं.
"मग रोज तितक्या लांब झऱ्यावर जासान काय?"
जाईन म्हटलं. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर आईनं घरातले देव नदीत सोडले, ते मी असं वरून ओतलेलं पाणी घ्यावं म्हणून नाही. आता पिण्याचं, आंघोळीचं, आरोग्य केंद्राचं, सगळं पाणी झऱ्याचंच.

१५ जाने.
झरा आर्वीच्या सडकेला लागून, उंबराखाली. दगडातून बारीक धार पडते. विहिरीचं पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही, म्हणून प्यायचं पाणी सगळं गाव इथूनच नेतं. मालक कोणी नाही. तरी बायका असल्या की मी सडकेवरच थांबते. थांब असं कोणी म्हटलेलं नाही. पण मी पुढं झाले की सगळ्या बोलायच्या बंद होतात.
नर्सबाई म्हणून इथं येऊन दोन महिने होतील. केंद्रात आज कोणी आलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून जुनं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं. आपलाच आवाज, पण कानाला बरं वाटलं.

२२ जाने.
बायका गेल्या तरी एक मागं राहिली. शेवंताबाईची सून, सुमित्रा. (शेवंताबाई म्हणजे झऱ्यावर आधी कोण, मागून कोण, हे ठरवणारी.) पहिलटकरीण, आठवा महिना. दम खात बसली होती.
"बाई, तुमाले एकटीले भेव नाई लागत?"
लागतं म्हटलं. हसली. "मले बी लागते."
माहेर अल्लीपूरचं, पण आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच. पाय सुजलेले. बोटानं दाबून पाहिलं, खळगा तसाच राहिला. तिनं पाय मागं घेतला नाही. केंद्रात ये म्हटलं. येईलसं वाटत नाही.

३० जाने.
सु. मुद्दाम सगळ्यांच्या मागून येते. मीही तीच वेळ धरते. आज पदराच्या गाठीत हुरडा आणला होता.
"आमच्या घरी सांगू नका."
घरी येऊन सावकाश खाल्ला. सगळा नाही, थोडा उद्याला ठेवला.

४ फेब्रु.
शेवंताबाईंकडे गेले. त्या ओसरीवर, मी अंगणात. सुनेला सूज आहे, मीठ कमी द्या, दिवस भरत आले की वर्ध्याच्या दवाखान्यात न्या, एवढं सांगितलं.
"माह्ये पाच याच घरात झाले, बाई. दाई हाय आमची. तुमची पेटी तुमच्यापाशी राहू द्या."
आवाज चढवला नाही. बस म्हणाल्या नाहीत. आतून नुसता बांगड्यांचा आवाज.

९ फेब्रु.
ती येत नाही. घरून मनाई असणार. पाणी भरून झाल्यावरही बसून राहिले. आर्वीकडची मोटार गेली, धूळ खाली बसली, मग उठले.

११ फेब्रु.
सिंदी मेघ्याहून दादा आला. आईनं लोणचं धाडलंय. "बदलीचा अर्ज दे, काऊन कुढत राह्यली इथं?" म्हणाला. पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. का म्हटलं असं, कोण जाणे. तो गेल्यावर खोली जास्तच रिकामी वाटली.

१६ फेब्रु.
आली. तोंड सुजलेलं, डोकं ठणकतंय म्हणाली.
"बाई, माह्या वेळेले तुमी येजा. ते नाई बोलावनार. तरी येजा."
न बोलावता कशी येऊ, म्हटलं. ती वाकून घागर उचलायला गेली, जमेना, तेव्हा मीच उचलून तिच्या डोक्यावर दिली. दिल्यावर दोघींच्या लक्षात आलं, पाण्याला माझा हात लागला. ती क्षणभर उभी राहिली. ओतलं नाही तिनं. तशीच घेऊन गेली.

२३ फेब्रु.
सकाळी झऱ्यावर बायकांच्या बोलण्यातून कळलं, कालपासून सु. अडलीय. घागर तिथंच ठेवली, पेटी घेतली, गेले. शेवंताबाई दारात.
"कोनी बोलावलं?"
"तुमच्या सुनेनं."
त्या हलल्या नाहीत. मीही नाही. तेवढ्यात दाईच बाहेर आली. "डोये फिरले वो तिचे." शेवंताबाई बाजूला झाल्या.
झटके येत होते. कुशीवर वळवलं, दातांत चमचा धरला. त्यांच्याच घरचं गरम पाणी, त्यांचंच पातेलं, माझे हात. तेव्हा कोणी काही म्हटलं नाही. दुपारी मुलगी झाली. रडेना. तिच्या तोंडात फुंकर घालत राहिले, मग रडली. सु. शुद्धीवर नाही. मीच हट्ट धरून छकडा जुंपायला लावला. वर्ध्याला नेलंय. मला ये म्हणाले नाहीत.
संध्याकाळी झऱ्यावरून घागर आणली.

२ मार्च
काही कळत नाही. विचारू कोणाला. झऱ्यावर मी गेले की अजूनही गप्पच होतात.

१० मार्च
दोघी घरी आल्या. केंद्रासमोरून छकडा गेला, तेव्हा पाहिलं. वर चादर धरलेली, आतलं दिसलं नाही. मूल रडत होतं. चांगलं खणखणीत.

१९ मार्च
आज झऱ्यावर शेवंताबाई. मी नेहमीसारखी सडकेवर.
सु. कशी आहे, म्हणून विचारलं.
"बरी हाय." धारेकडे बघतच म्हणाल्या. मग स्वतःची घागर बाजूला घेऊन, "तिथं काऊन उभ्या? या. आधी तुमी भरा."
बायका सरकल्या. मी गेले, धारेखाली घागर धरली. पाठीमागं सगळ्या उभ्या. घागर भरायला आज फार वेळ लागला.
डोक्यावर घेऊन सडकेला लागले, तोच मागं, मी उभी होते त्या दगडावर पाणी फेकल्याचा आवाज आला. एक तांब्या, मग आणखी एक. शेवंताबाईंनी की आणखी कोणी, मान वळवून पाहिलं नाही.
बदलीचा अर्ज लिहायला बसले होते. नाव, हुद्दा, एवढंच झालं. सुमित्राचा सव्वा महिना संपायला अजून अवकाश आहे, तोवर ती झऱ्यावर येणार नाही. उद्या बायका असताना जावं की सगळ्या गेल्यावर?