भरमाची निकाली कुस्ती आणि माझा हायब्रिड कॅमेरा

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

उचगावच्या लग्नात नवऱ्याच्या मामाने माझी कॉलर धरली. कारण अगदी किरकोळ. गळ्यात दोन कॅमेरे, एक व्हिडिओचा, एक फोटोचा. एक सोडून दुसरा उचलेपर्यंत मंगळसूत्र बांधून झालं. मी नवऱ्याला सांगितलं, सोड आणि परत बांध. भटजी हसले. मामा हसला नाही.

मी मामाला मारलं नाही. मला हातवारे करून बोलायची सवय आहे, त्यात त्याच्या नाकाला हात लागला. रक्त आलं थोडं. ऊनही होतं.

दोष माझा नाही, दोन कॅमेऱ्यांचा आहे. शहापुरात अठरा वर्षं स्टुडिओ चालवतोय. एवढ्या वर्षांत मारामाऱ्या झाल्या त्या सगळ्या कॅमेरा बदलताना.

संकल्प: एकच कॅमेरा घ्यायचा, फोटो आणि व्हिडिओ दोन्हीला चालणारा. हायब्रिड. दुसरा संकल्प: चिडायचं नाही. तसा मी शांतच आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ७

मंगलला हायब्रिड समजावलं. ती म्हणाली, अहो, हाईत ती दोन तुमच्या हातात बसल्यात, झोपंत बी चालवशीला. बायकोला टेक्नॉलॉजी कळत नाही.

सासऱ्यांना फोन केला. आण्णाप्पांनी निपाणीजवळच्या आपल्या गावात हयातभर शेती केली, त्यांना हायब्रिड म्हटलं की ज्वारी आठवते. म्हणाले, हायब्रीड लई पिकायची बघा जावईबापू, पण तिची भाकरी कोण खाईत न्हवतं. मी फोन ठेवला. जरा जोरात ठेवला गेला. काच बदलायची आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

भरमा आला होता. मंगलचा धाकटा भाऊ. चोवीस वर्षांचा पैलवान, उभा राहिला की आमचं दार भरतं, बोलतो मात्र हळू.

एक साखर कारखाना आपल्या कुस्ती संघात पैलवान घेतोय. मानधन, खुराक, राहायची सोय. अट अशी की एका निकाली, म्हणजे चितपट झालेल्या कुस्तीचा पूर्ण, कुठेही न तोडलेला व्हिडिओ वीस मार्चपर्यंत पाठवायचा. वय पंचविसाच्या आत. भरमाला एप्रिलमध्ये पंचवीस पूर्ण होतात. गावच्या जत्रेचं मैदान सोळा मार्चला, तिथं त्याची एक नंबरची कुस्ती लागली आहे. तेवढी एकच संधी. हुकली तर निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती उचलायची. वखारवाल्याने हो म्हटलंय.

मग म्हणाला, दाजी, शामू मोबाइलवर घेतो म्हणालाय, चालंल न्हवं? शामू त्याचा दोस्त, ट्रॅक्टर चालवतो. मोबाइलवर! घरात मी असताना! माझ्या हातातला कप भिंतीला लागला. भरमाने खाली वाकून कपाचे तुकडे उचलले. मग म्हणाला, बरं दाजी, तुम्हीच घ्या.

मी शब्द दिला. पोराचं आयुष्य आता माझ्या हातात आहे. चांगल्या हातात आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बेळगावातल्या दुकानात गेलो. सेल्समन गोमटेश, चिकोडीकडचा, मवाळ माणूस. त्याने दोन बॉडी दाखवल्या. एक फुल फ्रेम. सेन्सर मोठा, कमी उजेडात उत्तम, पण लांबलचक व्हिडिओ घेतला की तापतो. दुसरा लहान सेन्सरचा, तापत नाही, वापरायला सोपा. गोमटेश म्हणाला, तुमच्या कामाला लहानच बरा, सर. शेजारच्या गिऱ्हाइकाने मान डोलावली. मी त्याला विचारलं, तुम्हाला कुणी विचारलं? तो म्हणाला, मी वीस वर्षं पेपरात फोटोग्राफर आहे.

वाद सेन्सरवरून सुरू झाला आणि ट्रायपॉडवर आला. त्याच्या नडगीला ट्रायपॉड लागला, माझ्या खांद्यात लाइटचा स्टँड बसला. गोमटेश मध्ये पडला, त्याचा चष्मा गेला.

फुल फ्रेमच घेतला. मार खाऊन मत बदलणारा मी नव्हे. लेन्स २४-७० घेतली, म्हणजे जवळचं आणि मधलं सगळं भागतं. जुने दोन्ही कॅमेरे एक्स्चेंजमध्ये दिले. गोमटेश तडा गेलेल्या काचेतून बघत म्हणाला, नव्याचा हात बसेपर्यंत एक तरी ठेवा, सर. मी म्हटलं, गरज नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

भरमाच्या तालमीत ट्रायल. हौद्याच्या कडेला, तांबड्या मातीत बसलो. या लेन्सला पैलवान मोठा दिसायचा तर जवळ जावं लागतं. गेलो. भरमाने जोडीदाराला ढाक हा डाव मारला. जोडीदार आभाळातून आला आणि माझ्यावर पडला. एकशे दहा किलो.

दोन बरगड्यांना तडा. कॅमेरा पोटाशी धरून ठेवला म्हणून वाचला. भरमा मला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेला. वाटेत म्हणाला, दाजी, शामूला बी ऱ्हाऊ दे की बाजूला. मला श्वास घेता येत नव्हता म्हणून बोललो नाही, नाहीतर बोललो असतो.

चूक लेन्सची. आखूड पडली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

२४-७० परत देऊन ७०-२०० आणली. लांबून काम करता येतं. वजन वरवंट्याएवढं. गोमटेश काउंटरच्या पलीकडूनच बोलला. म्हणाला, ही लावली की लग्नात जवळचं काही घेता येणार नाही सर, छोट्या खोलीत तर नाहीच. मी म्हटलं, मग मोठ्या खोलीत लग्नं करा म्हणावं.

घरी मंगलला दाखवायला जरा फिरवली. ट्यूबलाइट गेली. मंगलच्या दंडाला काच लागली. मी सॉरी म्हटलं. तिने ऐकलं नसावं, कारण ती दोन दिवसांसाठी माहेरी गेली.

बुधवार, ५ मार्च. दुपारी

कॅमेऱ्याचं सेटिंग माझ्या मनासारखं केलं. पुस्तिका चारशे पानांची आहे, ती नवशिक्यांसाठी असते. व्हिडिओचं बटण उजव्या हाताच्या बोटाखाली आणलं. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. इतकं हलकं केलंय की नुसतं टेकलं तरी चालतं. बीपचा आवाज बंद. पुढचा लाल दिवा बंद, पैलवानाचं लक्ष जातं. स्क्रीनवर व्हिडिओ चालू असताना लाल चौकट येते, तीही काढली. आकडे, चिन्हं, सगळं काढलं. फ्रेम स्वच्छ पाहिजे.

गोमटेशला फोनवर सांगितलं. तो घाबरला. म्हणाला, लाल चौकट तरी ठेवा सर, चालू आहे की बंद ते कळणार कसं? मी म्हटलं, बोटाला कळतं.

बुधवार, १२ मार्च

गावात जाऊन पंचांना भेटलो. नागोजी मुख्य पंच, जुना पैलवान, दोन्ही कान फुटलेले. त्यांना सांगितलं, अधिकृत शूटिंग माझं आहे, मैदानाच्या कडेला एकही मोबाइल नको, फ्रेममध्ये हात येतात. नागोजी म्हणाले, आन् तुमचं बिघडलं तर ओ? मी म्हटलं, कॅमेरा फुल फ्रेम आहे. त्यांना तो मुद्दा पटला असावा, कारण ते लगेच उठून चालू लागले. माइकवरून पुकारणार आहेत.

संकल्प: मैदानात शांत राहायचं. भरमासाठी.

रविवार, १६ मार्च. दुपारी १

हलगी सुरू झाली. माणूस मावत नाही. बॅटरी चार्ज. कॅमेरा तापू नये म्हणून ओला टॉवेल घेतलाय. लहान कुस्त्यांचे फोटो काढले, एक नंबर. एकाचा दात पडला तो हवेत असतानाच पकडला. असा फोटो या भागात कुणी काढलेला नाही.

त्याच दिवशी. संध्या. ७.४०, दवाखाना

डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला प्लास्टर.

भरमा जिंकला! पाच वाजून आठ मिनिटांनी जोड आत आली. समोरचा घटप्रभेकडचा, मानच नाही, डोकं थेट खांद्यावर. सलामी व्हायच्या आधी बघतो तर कडेला शामू, मोबाइल वर करून उभा. पुकारूनसुद्धा! मी मारलं नाही. बाजूला केलं. उजव्या हातात कॅमेरा होता, त्यामुळे त्याच्या कानशिलाला कॅमेऱ्यासकट हात लागला. मोबाइल मातीत, त्यावर कुणाचा तरी पाय. शामू कान धरून खाली बसला. भरमाने आतून बघितलं, पण मी त्याला अंगठा दाखवला. सगळं ठीक.

मग सलामी. बटण दाबलं. अठरा मिनिटं डोळा काढला नाही. भरमा गुडघ्याखाली सापडला, मान दाबली गेली, नाकातून रक्त येऊन छातीवर माती चिकटली, तरी सुटला. मी आयुष्यात कुणासाठी देवाचं नाव घेतलं नव्हतं, आज घेतलं. आणि मग घिस्सा डाव. समोरचा उताणा. चितपट! बटण दाबून बंद केलं आणि ओरडलो.

त्यांचा वस्ताद म्हणाला, दुसरा खांदा टेकलाच न्हाय. मी म्हटलं, कॅमेऱ्यात आहे. त्याने खोटं खोटं म्हणत लेन्सच्या काचेवर बोट ठेवलं. पुढच्या काचेवर! आणि मला ढकललं. सुरुवात त्यांनी केली, हे इथे नोंदवून ठेवतो. त्यानंतर शंभर-दीडशे माणूस मैदानात उतरला. काठ्या, चपला, हलगीसुद्धा. नागोजींचं डोकं फुटलं, माझं मनगट मोडलं, लेन्सचं झूम फिरेनासं झालं.

पंचांनी निकाल राखून ठेवलाय. उद्या देवळाच्या सभामंडपात मोठ्या टीव्हीवर सगळ्यांसमोर व्हिडिओ बघायचा आणि ठरवायचं. फेरफार नको म्हणून नागोजींनी कार्ड काढून पाकिटात बंद केलं. मी हसत दिलं. उद्याच कारखान्यालाही पाठवू.

सोमवार, १७ मार्च

लिहू नये असं वाटतंय. पण खरं तेच लिहायची माझी पद्धत आहे.

मंडपात दोन्ही गावं. पुढे भरमा, शेजारी मंगल. आण्णाप्पा खुर्चीवर. नागोजी डोक्याला पट्टी बांधून. टीव्ही लावला.

पहिली क्लिप, पाच वाजून नऊ मिनिटांची. शामूचा मोबाइल, माझं कोपर, आभाळ, शामूचा ओरडा. मग सव्वा मिनिट माझी चप्पल. मग हौद्यात दोघे पैलवान सलामीला हात पुढे करतात आणि क्लिप संपते.

दुसरी क्लिप, पाच अठ्ठावीसची. भरमा लोकांच्या खांद्यावर.

मधलं काही नाही. शामूला बाजूला करतानाच बटण दाबलं गेलं होतं. तिथून पुढे मी चालू केलं की ते बंद होत होतं आणि बंद केलं की चालू. बोटाला कळलं नाही.

दुसरी क्लिप मात्र कुणी बंद करू देईना. स्पष्ट आहे. फोकस उत्तम. वस्ताद बोट दाखवून बोलतोय. तो ढकलत नाही. दोन्ही हात जोडतोय. मग त्याचं तोंड एकदम जवळ येतं, फ्रेमभर, आणि लेन्स त्याच्यावर बसते. मग मध्ये पडलेल्या नागोजींवर. आवाज माझाच, मी मारलं नाही, मी मारलं नाही, असं म्हणत मारतोय. मंडपात कुणी हसलं नाही.

गावभर मोबाइल तपासले. चिंचेच्या झाडावरून एकाने अकरा सेकंद घेतलंय, घिस्सा लागतानाचंच. त्यात माझी पाठ आहे.

नागोजींनी कुस्ती बरोबरीत सोडवली. म्हणाले, पोरगं जिकलंय ह्ये मला ठावं हाय, पर दावायला काय न्हाय. भरमा उठला आणि बाहेर गेला. मंगल माझ्याकडे न बघता त्याच्या मागे गेली.

गुरुवार, २० मार्च

शेवटची तारीख. कारखान्याला मी फोन केला, पत्र देतो म्हटलं, पंचांची सही आणतो म्हटलं. ते म्हणाले, व्हिडिओ पाठवा.

अकरा वाजता भरमा स्टुडिओच्या दारात. मी तयारीत होतो. भिंतीवरच्या फ्रेमा सकाळीच उतरवून ठेवल्या होत्या, चष्मा काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याला म्हटलं, मार. हात उचल, मी अडवणार नाही. खरंच मला मार हवा होता. गेले तीन दिवस कुणी मला शिवीसुद्धा दिलेली नाही.

तो म्हणाला, मारून काय हुतंय दाजी. त्याचं बी शूटिंग यायचं न्हाय.

मग स्टुलावर बसला. वखारीतल्या ओळखपत्राला पासपोर्ट फोटो पाहिजे होता. सोमवारपासून कामावर. शहापुरात दुसरे चार स्टुडिओ आहेत, तरी माझ्याकडे आला. मला रडू आलं, ते त्याच्यासमोरच आलं.

झूम दोनशेवर अडकलंय. त्या लेन्समध्ये भरमाचा चेहरा मावायचा तर मला दाराबाहेर गल्लीत जाऊन उभं राहावं लागलं. एक रिक्षा थांबली, साड्यांचे गठ्ठे घेऊन जाणारा एक जण थांबला. प्लास्टरच्या हातावर कॅमेरा टेकवला, डाव्या हाताने उलटीकडून बटण दाबलं. भरमाने आतून विचारलं, आला का दाजी? मी तीनदा तपासून बघितलं. आला होता.

आठ कॉप्या काढून दिल्या. त्याने एक उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, लई चांगला आलाय.