विमानांच्या पिक्चरची कॅसेट

मी, सुमन माधव आगाशे, वय ६७, राहणार मँचेस्टर, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. सगळी व्यवस्था मुलगा अजय याने पाहावी.

१. घर आणि बँकेतली शिल्लक अजय आणि मुलगी रेखा यांनी निम्मी निम्मी घ्यावी.

२. पुस्तके रेखाला. मी चौथीपर्यंत शिकले, पुढचे लायब्ररीत. समासात लिहिलेल्या माझ्या शंका खोडू नयेत.

३. विमानांच्या पिक्चरांच्या अकरा व्हिडिओ टेप चॅरिटी शॉपला द्याव्यात. शनिवारी दुपारी टीव्हीवर लागणारे हॉलिवूडचे हे जुने, स्वस्तातले पिक्चर. तीन पिक्चरांत वादळ तेच, विमान टांगलेली तार स्पष्ट दिसते. तरी माझे यजमान श्वास रोखून बघत आणि मलाही पोळ्या सोडून बसवत.

४. ऑडिओ कॅसेट मात्र टाकू नये, तिच्यावर काही भरू नये. १९८१ साली, घरात व्हिडिओ नव्हता तेव्हा, यांनी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून एका पिक्चरचा आवाज भरला. आम्हाला गप्प केले आणि स्वतःच बोलले. वैमानिक बायकोला "आय ॲम गोइंग" म्हणून वादळात निघतो, तिथे हे म्हणतात, "अरे, जातो काय? येतो म्हण." यांचा आवाज एवढाच उरला आहे. दुसऱ्या बाजूवर अजयने गाणी भरली, तेव्हा मी त्याच्याशी तीन दिवस बोलले नाही. ते आता माफ.

५. १९८९च्या नोव्हेंबरात हे हॉस्पिटलमध्ये होते. साडेचारची बस गाठायची म्हणून मी घाईत म्हटले, "जाते हो." हे उशीवरूनच म्हणाले, "येते म्हण." मी हसले आणि तशीच निघाले. सकाळी फोन आला. तो शब्द माझ्याकडे राहिला आहे.

६. म्हणून माझ्या अंत्यविधीला भाषणे नकोत. क्रिमेटोरियममध्ये शवपेटीपुढचा पडदा सरकण्याआधी अजयने कॅसेट लावावी, टेपरेकॉर्डरच्या काउंटरवर २१४ आकडा येतो तिथून. यांचे बोलणे झाले की रेखाने माझ्या वतीने मोठ्याने "येते" म्हणावे. लहानपणापासून ती "मी येतो" म्हणते. त्या दिवशीही तसेच निघाले तर कुणी तिला सुधारू नये. ती ते यांच्याकडूनच शिकली आहे.

खालील दोघींसमोर मी सही केली व माझ्यासमोर त्यांनी केली. शेजारीण जोनला मराठी येत नाही; ती फक्त सहीपुरती साक्षी.

सही: सुमन माधव आगाशे
साक्षीदार: सुप्रभा चंद्रशेखर कर्वे; जोन हार्डी
मँचेस्टर, १२ मार्च १९९४