पनवेलचा सेंटर फॉरवर्ड

२ मे १९५५
गोव्याहून पनवेलला पोचलो. मडगावात बारा वर्षं फॉरवर्ड होतो असं काशीरामशेठना कळवलं होतं, त्यांनी ताबडतोब बोलावलं. त्यांची भातगिरणी मोठी आहे. मैदान अजून दाखवलं नाही. इथे एक सीझन, मग मुंबईची मोठी टीम. नक्की.

४ मे
शेठनी खुलासा केला की त्यांना गोणी फॉरवर्ड करणारा माणूस पाहिजे होता, गिरणीतून बंदरावर. फुटबॉल म्हणजे काय, तेही विचारलं. मला हसू आलं. मुंबईच्या टीमसुद्धा खेळाडूला कागदावर कारकूनच दाखवतात. शेठ पक्के प्रोफेशनल आहेत.

११ मे, पहाटे
रोज पाच मैल पळायचं. आजपासून.
संध्याकाळी: उद्यापासून. शेठनी बंदरावर दोनदा पिटाळलं, ते पळण्यातच धरतो.

२० ऑगस्ट
गोव्याची हद्द बंद झाली. परत जाता येत नाही. तिकडे आई एकटी. शेठ म्हणाले, आता कुठे जातोस, राहा की कायमचा! जेवताना डोळ्यांत पाणी आलं. कोंडा गेला असणार. गिरणीत फार उडतो.

६ नोव्हेंबर
टीम उभी केली. हमालांना नियम नीट समजावले. पण ते जन्मभर हुतुतू खेळलेले. मी बॉल घेऊन पुढे गेलो, तर चौघांनी तंगडी धरून आडवं केलं आणि दम सुटेपर्यंत दाबून ठेवलं. बुधा हमाल ओरडला, मेला, मेला, आता भायेर बस! फाउल आहे म्हटलं, तर म्हणे आमच्यात तसं काय नाय. डिफेन्स मात्र भक्कम आहे.

१५ डिसेंबर
गुडघा सुजला. भात पाखडणाऱ्या भामाने चोळायला तेल दिलं. म्हणाली, येवरी लाथा मारायची हौस हाय तर शेठला मारा, मंग सुटाल तरी. बाईला प्रोफेशनल खेळातलं काय कळणार? दिवसभर तेच मनात घोळत होतं.

१३ जानेवारी १९५६
रविवारी मुंबईत एका क्लबची ट्रायल आहे. सगळ्यांना खुली. मोठ्या क्लबचं पत्र असलं की गोव्यात जायचा परवाना मिळतो म्हणतात. म्हणजे आई भेटेल. शेठ सोडणार नाहीत, म्हणून दाढ दुखते असं सांगितलं. बूट घासले. सुटलोच आता.

१५ जानेवारी
पनवेलची गाडी अजून लागायचीय, म्हणून लिहितो. बूट घालून मैदानात शिरलो, तर शिट्टीवाला गृहस्थ अत्यंत आदराने म्हणाला, वडील मंडळींनी कृपया रेषेबाहेर बसावं. गैरसमज दूर करणारच होतो, पण त्याने खुर्ची दिली. गुडघ्याला बरं वाटलं. शेजारी सगळे पोरांचे बाप. भले लोक. एकाने चिवडा पुढे केला आणि विचारलं, तुमचा कुठला?
गोल मारत होता तो दाखवला.